मोफत प्रोग्राम

खैरटोल्यात 'प्रोग्राम' हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. बारसं हा प्रोग्राम, साखरपुडा हा प्रोग्राम, आणि तेरवी हाही प्रोग्रामच. सिहोऱ्याच्या रस्त्यावर एखादा माणूस इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मोटरसायकलला किक मारताना दिसला, तर 'कुठं?' या प्रश्नाला 'प्रोग्राम आहे' एवढं उत्तर पुरतं. तो आनंदाचा की दुःखाचा, हे मागच्या सीटवर बसलेल्या बायकोच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. अशा गावात प्रविण सेलोकरने प्रोग्रामिंगचे मोफत वर्ग काढायचं ठरवलं, तेव्हा त्याने निदान एकदा तरी विचार करायला हवा होता. पण विचार करणं हा त्याचा धंदा होता, आणि माणूस धंद्याची कामं सुटीच्या दिवशी करत नाही.

प्रविण सॉफ्टवेअर डेव्हलपर होता. कंपनी पुण्याची, काम घरून. विमा भरायच्या वेबसाईटवर शेवटी 'पुढे जा' असं एक हिरवं बटण असतं ना, त्या बटणामागचं सगळं तो सांभाळायचा. बटण दाबलं की माणूस खरोखर पुढे गेला पाहिजे, मागे येता कामा नये, आणि घाबरून दोनदा दाबलं तरी एकदाच पुढे गेला पाहिजे, यात त्याची सारी विद्या खर्च होत होती. विद्या काही लहान नव्हती. पाच-सहा संगणकी भाषा त्याला सफाईने येत. कंपनीत नव्याने लागलेली पोरं कुठे अडली की त्यालाच फोन करत, आणि त्यांना समजावताना त्याला जेवणाचं भान राहत नसे. पगार बटणाचा मिळायचा, जीव शिकवण्यात होता.

गावात मात्र त्याच्या वडिलांनी, म्हणजे टेकचंद सेलोकरांनी, 'पोरगा कंप्युटर करते' एवढीच माहिती दिलेली होती. ती लोकांनी आपापल्या गरजेप्रमाणे वाढवून घेतली. कोणी पाण्यात पडलेला मोबाईल आणायचा, कोणी आधार कार्डावरचा फोटो बदलून मागायचा. समोरच्या बायजाबाई एकदा टीव्हीचा रिमोट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "यात तुह्यावाला सॉफ्टवेअर टाकून दे बापा. नवे सेल टाकून पायले, चालून नाही राहिला." प्रविणने त्यांना सॉफ्टवेअर आणि सेल यांतला फरक अगदी मुळापासून समजावला. बायजाबाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि रिमोट तिथेच ठेवून गेल्या. शेवटी त्याने उलटे बसलेले सेल सुलटे बसवले आणि त्या दिवसापासून त्याची कीर्ती पंचक्रोशीत पसरली. दहा वर्षांच्या अनुभवाचं असं चीज झालेलं पाहून त्याला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

घरातल्या माणसांना शिकवून पाहणं, हेही त्याने केलं होतं. बहीण गुड्डी गोंदियाला असते, तिला फोनवर शिकवायला घेतलं, तर बरोबर वर्गाच्या वेळी तिच्याकडचं नेटवर्क जायचं आणि वर्ग संपला की यायचं. बायको डिंपलने जास्त तग धरला. ती लूपपर्यंत आली. लूप म्हणजे कॉम्प्युटरने एकच काम पुन्हा पुन्हा करत राहणं, हे तिला पहिल्या दिवशीच समजलं होतं, कारण स्वयंपाकघरात तिचं आयुष्य त्यातच चाललं होतं. पण प्रविण लूप समजावायला बसला की आठवडाभर लूपच. एक दिवस ती म्हणाली, "अहो, तुमी शिकवता चांगलं. फक्त थांबत नाही." आणि वही बंद करून भाजी चिरायला गेली.

हे बोल त्याला लागले. घरकी मुर्गी दाल बराबर, असं स्वतःची समजूत घालून त्याने गावातल्या मुलांसाठी वर्ग काढायचं ठरवलं. जागा म्हणून अंगणाच्या कडेची धानाची खोली मागितली. टेकचंद खाटेवर बसून सुपारी कातरत होते.

"धान येवाले अजून वेळ आहे," ते म्हणाले. "तवरी घे. धान आलं का खोली धानाची."

"अन् वर्ग चालू असला तं?"

"भरला असला तं पाहू. पण मले एक सांग, आतावरी तुह्यापाशी कोन शिकला?"

कंपनीतली पोरं सांगावीत, तर ती टेकचंदांनी पाहिलेली नव्हती. आई, रुखमाबाई, मध्ये पडली आणि म्हणाली, "शिकतील ना गा कोनीतरी, पोट्टं इतकं म्हनते तं." आईच्या या 'कोणीतरी'ने तर तो अधिकच खचला. पण खोली मिळाली. आता धान यायच्या आत ती मुलांनी भरून दाखवायची, नाहीतर धानाचे कट्टे, म्हणजे पोती, रचायला वडिलांना हातभार लावायचा, असा सरळ मामला झाला.

बातमी शेजारच्या कैलाशभाऊंपर्यंत जायला भिंतीची उंची पुरेशी कमी होती. कैलाशभाऊ वीज मंडळातून लाईनमन म्हणून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून खांबांऐवजी माणसांवर चढत होते. ते म्हणाले, "फुकट काहून ठेवून राहिला? फुकट ठेवशीन तं कोनी येनार नाही. अन् आलाच तं जानार नाही." हे झाल्यावर ते म्हणाले, "एक फ्लेक्स पायजे. फ्लेक्सशिवाय आपल्या इथं मानूस मरत बी नाही." त्यात खोटं काही नव्हतं. बसथांब्याजवळ त्या घटकेला तीन वाढदिवस, एक निवड आणि दोन भावपूर्ण श्रद्धांजल्या लटकत होत्या.

म्हणून प्रविण तुमसरला फ्लेक्सवाल्याकडे गेला. दिवस दिवाळीनंतरचे, म्हणजे मंडईचे. भाऊबीज उरकली की या भागात गावोगाव मंडई भरते. पाळणे येतात, मिठाईची दुकानं लागतात, उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग पडतात, पाहुण्यांनी घरं भरतात आणि भर दुपारी दंडार नाहीतर खडी गंमत, म्हणजे इकडचा गाण्या-नाचाचा तमाशा, रंगते. फ्लेक्सवाला रात्रंदिवस मंडईचेच फ्लेक्स छापत होता. प्रविणने त्याला मजकूर दिला: 'मोफत प्रोग्रामिंग वर्ग, फी नाही, दर रविवारी.' फ्लेक्सवाल्याने तो ऐकला, मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी फ्लेक्स हातात ठेवला.

त्यावर लाल मखमली पडदा होता. पडद्यापुढे ढोलकी होती. ढोलकीच्या दोन्ही बाजूंना नाचणाऱ्या बायांच्या काळ्या आकृत्या होत्या आणि मधोमध हात जोडलेला प्रविण, डोक्यावर भगवा फेटा. फेटा फ्लेक्सवाल्याने स्वतःहून चढवला होता. त्याच्या खाली हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मोफत प्रोग्राम. वर्गणी नाही.'

"हे काय केलं भाऊ? प्रोग्रामिंग वर्ग सांगितलं होतं."

"एवढं मोठं नाव मोठ्या अक्षरात बसत नाही. खाली बारीक अक्षरात सगळं आहे ना, पाहा."

खाली बारीक अक्षरात सगळं होतं, हे खरं. फक्त फ्लेक्स बांबूला ताणून बांधताना नेमकी तीच पट्टी बांबूभोवती गुंडाळली गेली. डिंपलने फ्लेक्स पाहिला, बराच वेळ पाहिला आणि "फेटा शोभून राहिला," एवढंच म्हणाली.

फ्लेक्स लावायला परवानगी लागते, हे कैलाशभाऊंनी तो लावून झाल्यावर सांगितलं. ग्रामपंचायतीत प्रविणला कळलं की नुसता फ्लेक्स असता तर तिथेच भागलं असतं, पण ज्याअर्थी प्रोग्राम आहे त्याअर्थी ठाण्यातून कागद आणावा लागेल. ठाण्यातले जमादार सज्जन गृहस्थ होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारपूस सुरू केली.

"लाऊडस्पीकर?"

"नाही."

"गर्दी?"

"झाली तर आनंदच आहे." जमादारांनी 'गर्दीची शक्यता' असं लिहून घेतलं.

"कलाकार किती?"

"मी एकटाच."

"प्रकार काय?"

प्रविणला आपल्या विषयाचं सार एका शब्दात सांगायचा मोह झाला. "लॉजिक," तो म्हणाला.

जमादारांनी 'मॅजिक' असं लिहिलं आणि प्रेमाने बजावलं, "जादूच्या प्रयोगात साप-गिप काढायचे नाहीत बरं. वन विभागाचा त्रास होते." प्रविण शिकवणार होता त्या भाषेचं नाव पायथन, म्हणजे चक्क अजगर. 'अहो, मी पायथनच घेणार आहे' हे वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण सगळी हयात समजावून सांगण्यात घालवलेल्या या माणसाने त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा समजावून सांगायचं टाळलं, कागद घेतला आणि तो बाहेर पडला.

पहिला रविवार उजाडला. धानाची खोली शेणाने सारवली होती, चटया अंथरल्या होत्या, भिंतीवर पांढरा फळा होता. प्रविण पाठ केलेलं स्वागताचं वाक्य मनात घोळवत दारात उभा राहिला. बायजाबाईंची कोंबडी आत येऊन गेली. टेकचंद दोनदा अंगणातून आले-गेले आणि दोन्ही वेळा त्यांनी खोलीकडे मुद्दाम पाहिलं नाही, हे त्याला पाहण्यापेक्षाही जास्त झोंबलं.

दुपारी मात्र दोन मोटरसायकली अंगणात थांबल्या. बाजूच्या चिचटोल्याच्या मंडई कमिटीचे अध्यक्ष तेजरामभाऊ आणि त्यांच्यासोबत तीन जण. हातात पानसुपारी होती. मंडळी खाटेवर बसली, रुखमाबाईने चहा ठेवला आणि तेजरामभाऊंनी घसा साफ केला.

"तुमचा फोटो पायला बसथांब्यावर. आमच्या मंडईले तुमचा प्रोग्राम पायजे बापा. फुकट देता म्हनते, हे खरं हाय का?"

प्रविणला स्वर्ग दोन बोटं उरला. गावच्या मंडईत, सगळ्या जनतेसमोर, प्रोग्रामिंगचं प्रात्यक्षिक. आपण या भागाला उगाच मागासलेला समजत होतो, असं वाटून त्याला मनातल्या मनात लाजही वाटली.

"एक पैसा घेत नाही मी," तो म्हणाला. "शिकवण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, हे तत्त्व आहे माझं."

"वा. किती वेळ चालते?"

"बेसिक दोन तास. लोकांना आवडलं तर मग अॅडव्हान्स घेता येतं."

"अॅडव्हान्स नाई जमनार," कमिटीतला एक जण घाईने म्हणाला. "फुकट म्हनले ना तुमी."

तेजरामभाऊंनी त्याला हाताने गप्प केलं. "पार्टीत मानसं किती?"

"मी एकटाच."

"एकटेच? मंग पुढचं काम कोन करते अन् मागचं कोन?"

आता वेबसाईटचं जे लोकांना दिसतं त्याला डेव्हलपर मंडळी पुढचं म्हणतात, आणि जे दिसत नाही त्याला मागचं. गावातल्या माणसाच्या तोंडून हा नेमका प्रश्न ऐकून प्रविणचे डोळे भरून यायचे बाकी राहिले. "पुढचंही मीच करतो आणि मागचंही मीच," तो म्हणाला. "पहिल्यापासून दोन्ही येतं मला."

कमिटीने एकमेकांकडे पाहिलं. पडद्यापुढे नाचणारा आणि पडद्यामागे सगळं सांभाळणारा असा एकच माणूस त्यांनी अजून पाहिला नव्हता. "बाईचं काम बी?" एकाने हळूच विचारलं.

"बायांसाठी तर खास आहे. त्यांनी तर आलंच पाहिजे."

"साथीले कोनी लागन का? आमच्या गावची परसराम शाहिराची खडी गंमत हाय."

"असली तर बरंच," प्रविण म्हणाला. त्याला वाटलं, आधी गंमत होईल, गर्दी जमेल, मग आपण. "फक्त एक मोठी स्क्रीन लागेल."

"पडदा हाय ना आमच्यापाशी," तेजरामभाऊ म्हणाले, आणि प्रविणच्या हातात सुपारी ठेवून मंडळी समाधानाने निघून गेली. टेकचंद ओसरीवरून सगळं ऐकत होते. त्यांना यात काहीतरी गडबड आहे असं वाटलं होतं, हे त्यांनी पुढे कबूल केलं. पण पोरगा इतका हसताना त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता, म्हणून ते बोलले नाहीत.

मंडईच्या दिवशी सेलोकरांचं सगळं घर चिचटोल्याला गेलं. कैलाशभाऊही आले, कारण आपला सल्ला फळाला येताना पाहण्याचा हक्क त्यांना होताच. मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रविणने तुमसरहून प्रोजेक्टर मागवला होता. तो दुपारच्या उन्हात लावल्यावर पडद्यावर काय उमटलं हे फक्त प्रोजेक्टरला माहीत. लोकांना दिसलं ते एवढंच की पांढऱ्या पडद्यावर कुठेतरी किंचित जास्त पांढरं आहे. त्यातच लाऊडस्पीकरवरून पुकारा झाला, "पुण्याचे सुप्रसिद्ध प्रोग्रामवाले, पुढचं अन् मागचं एकट्याने करनारे, प्रविणभाऊ सेलोकर येऊन राहिले हो." टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. प्रविण लॅपटॉप छातीशी धरून मंचावर चढला तेव्हा त्याच्या मागे परसराम शाहीर ढोलकीसह सज्ज उभे होते. त्यांच्या बाजूला टाळ घेतलेले चार झीलकरी होते. आणि एका अंगाला नऊवारी नेसलेला, गजरा माळलेला इश्वर होता. तो गंमतीत बाईचं काम करायचा. 'आधी गंमत, मग आपण' असं नसून 'आपणच गंमत' असं आहे, हे प्रविणला इश्वरच्या गजऱ्याकडे पाहून हळूहळू उमगलं.

पण माघार घेईल तो शिक्षक कसला. त्याने माईक घेतला. "प्रोग्राम म्हणजे काय? तर कॉम्प्युटरला दिलेल्या नेमक्या सूचना." मैदान शांत झालं. त्याने आणखी पाच मिनिटं सूचनांबद्दल सांगितलं. मैदान आणखी शांत झालं. मग बायांच्या बाजूने कोणीतरी मोठ्याने विचारलं, "वो भाऊ, प्रोग्राम कवा सुरू होते?"

"हाच प्रोग्राम आहे," प्रविण म्हणाला, आणि लोक उठायला लागले. शिंगाडेवाल्यांकडे गर्दी वळली. तेजरामभाऊंचा चेहरा पडला. आणि प्रविणला गर्दीत टेकचंद दिसले. ते मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होते. आपल्यामुळे वडिलांना मान खाली घालावी लागली, हे त्याच्याने पाहवेना.

बुडत्याला काडीचा आधार. झीलकऱ्यांचं काम असतं शाहिराने म्हटलेली ओळ जशीच्या तशी उचलून धरणं. प्रविण त्यांच्याकडे वळला. "समजा, तुम्ही कॉम्प्युटर. मी म्हणेन तेच म्हणायचं. कमी नाही, जास्त नाही. जमेल?"

"चालीत का बिना चालीचं?" परसराम शाहिरांनी विचारलं.

"चालीत चालेल."

शाहिरांनी ढोलकीवर थाप मारली. प्रविणने माईकमध्ये सांगितलं, "कॉम्प्युटर मोठा शहाणा."

"कॉम्प्युटर मोठा शहाणाऽ जी जी जी," झीलकऱ्यांनी उचललं. टाळ वाजले. इश्वरने गिरकी घेतली. शिंगाडे घ्यायला गेलेली माणसं मागे वळली.

"हं, बस्स," प्रविण खुशीत म्हणाला.

"हं बस्सऽ जी जी जी."

"अहो, म्हणजे थांबा आता."

"अहो म्हणजे थांबा आताऽ जी जी जी."

लोक हसायला लागले. प्रविणने हात हलवून 'नाही, नाही' केलं. इश्वरनेही डोळे मोडत हात हलवून 'नाही, नाही' केलं. प्रविणने कपाळावरचा घाम पुसला, इश्वरने पदराने पुसला. "परसरामभाऊ, तुम्ही सांगा ना यांना," तो कळवळून म्हणाला, तर तेही चालीत सुंदर बसलं. मग त्याने शहाणपण केलं आणि तो गप्पच झाला. पण शाहीर गप्प झाला की शेवटची ओळ सोडायची नाही, ती लावून धरायची, असा झीलकऱ्यांचा नियम आहे. त्यामुळे 'परसरामभाऊ, तुम्ही सांगा ना यांनाऽ' हीच ओळ पुन्हा पुन्हा फिरू लागली, दर फेरीला थोडी चढ्या सुरात. बारक्या पोरांनी मंचापुढे येऊन ती उचलली. ढोलकी पेटली. आता सगळं मैदान गात होतं आणि ज्याच्यामुळे हे सुरू झालं त्याला ते थांबवता येत नव्हतं. असा प्रसंग त्याच्यावर कंपनीत एकदा आला होता, पण तेव्हा त्याला वायर उपटता आली होती.

तेवढ्यात बायांमधून डिंपल उठली. हसून हसून तिचे डोळे लाल झाले होते. ती गर्दीतून वाट काढत मंचाशी आली आणि तिने बटव्यातून एक नोट काढून उंच धरली. खडी गंमतीत बक्षिसाची नोट दिसली की गाणं असेल तिथे तोडायचं आणि देणाऱ्याचं नाव पुकारायचं, हा रिवाजच आहे. ढोलकीवर एक कडक थाप पडली आणि सगळं जागच्या जागी थांबलं.

"सौभाग्यवती डिंपलताई सेलोकर, मुक्काम खैरटोला," परसराम शाहिरांनी खड्या आवाजात सांगितलं, "आपल्या मालकाले थांबवल्याबद्दल पार्टीले बक्षीस देऊन राहिल्या. मंडळ आभारी हाय."

मैदान कोसळायचं बाकी राहिलं. डिंपलने नोट देता देता मान वर करून प्रविणला विचारलं, "तुमीच सांगत होते ना मले, लूप सुरू कराच्या आधी बाहेर पडाची अट लिहाची म्हून? मंग लिहिली काहून नाही?"

माईक चालू होता. ते सगळ्यांनी ऐकलं. पण प्रविण त्या हशात नव्हताच. तो बायकोकडे पाहत राहिला. आपण शिकवलेलं एखाद्याच्या डोक्यात उतरलं आहे, राहिलं आहे आणि वेळेला उपयोगी पडलं आहे, हे तो पहिल्यांदा आपल्या डोळ्यांनी पाहत होता, आणि तेही आपल्याच घरात. त्याला इतका आनंद झाला की मघाची फजिती त्याला आठवेना.

"बरोबर," तो माईकमध्ये म्हणाला. "शंभर टक्के बरोबर. आत्ता जे झालं ना, तेच कॉम्प्युटरमध्ये होतं. तो आपल्या मनातलं ऐकत नाही, आपण सांगितलं तेवढंच ऐकतो. चूक या चौघांची नव्हती, माझी होती. आता कोण येतो यांना नीट सांगायला?"

मग काय विचारता. पोरंपोरी मंचावर चढायला लागली. एका पोरीने झीलकऱ्यांना 'तीनदा म्हणा आणि गप्प बसा' अशी सूचना दिली. त्यांनी ती म्हटली, तीनदा, 'गप्प बसा'सकट, आणि पुढची ओळ मागायला लागले. पोरीने डोकं खाजवलं आणि सूचना दुरुस्त केली. एकाने इश्वरला सांगितलं, ढोलकी वाजली तर नाच, नाहीतर बस. शाहीरही खट्याळ. ते वाजवता वाजवता मध्येच हात उचलायचे, आणि इश्वर नऊवारी सावरत धपकन खाली बसायचा. सूचना चुकायच्या, लोक हसायचे, सूचना सुधारायच्या, लोक टाळ्या द्यायचे. प्रविण दर वेळी फक्त एक वाक्य समजावत होता. जास्त समजावायला त्याला कोणी वेळच देत नव्हतं. ऊन उतरलं तरी लोक हलेनात, शेवटी शिंगाडेवाल्यांनीच कमिटीकडे तक्रार केली. तेजरामभाऊ निरोप देताना म्हणाले, "तुमी नाचले नाही, पन प्रोग्राम झाला." परसराम शाहिरांनी त्याचा हात हातात घेतला. "लई शाहीर पायले," ते म्हणाले, "पन आपन काय बोलून बसलो हे मागून समजनारा पयलाच."

परतीच्या वाटेवर कैलाशभाऊ, फी ठेवली असती तर आज किती जमले असते, याचा हिशेब मांडत राहिले, आणि तो कोणी ऐकला नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर प्रविणला लाज वाटायला लागली. पुण्याच्या कंपनीतला माणूस आपण, आणि मंडईत नाचवले गेलो. गावात आता काय तोंड दाखवणार. उद्या धान येईल, आपण मुकाट्याने कट्टे रचू, असं ठरवून तो झोपला.

धान आलं नाही. मळणीचं यंत्र दुसऱ्या गावात अडकलं होतं. रविवार मात्र वेळेवर आला आणि सकाळी प्रविण फळा काढून ठेवायला म्हणून खोलीकडे गेला, तर दारात चपलांचा ढीग होता. आत चिचटोल्याची पोरं होती, खैरटोल्याची होती, नीट सूचना देणारी ती पोरगी आपल्या दोन मैत्रिणींना घेऊन आली होती. बायजाबाईंची नात होती. मागे दोन-तीन बायाही येऊन बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी डिंपल नवी वही घेऊन बसली होती. चटया संपल्या म्हणून रुखमाबाई घरातून सतरंजी ओढत आणत होती. प्रविणला पाठ केलेलं स्वागताचं वाक्य आठवेना, म्हणून त्याने सरळ शिकवायलाच सुरुवात केली.

थोड्या वेळाने दारात सावली पडली. टेकचंद होते. वर्ग भरला की नाही, ते पाहायला आले होते, आणि पाहायला म्हणून आलेल्या माणसाने उभं कसं राहायचं, म्हणून दाराजवळ मांडी घालून बसले. प्रविणची जीभ एकदम जड झाली. कंपनीच्या मोठ्या साहेबांपुढेही ती अशी झाली नव्हती. तरी त्याने नेटाने धडा चालवला. टेकचंद डोळे बारीक करून फळ्याकडे पाहत होते. पहिला प्रोग्राम लॅपटॉपवर चालला आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्यांनीही वाजवल्या, थोड्या उशिरा.

एवढ्यात बाहेर ट्रॅक्टरचा आवाज आला. तो अंगणात शिरला, ट्रॉलीवरचे धानाचे कट्टे दारातून दिसले, आणि ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. प्रविण बोलता बोलता थांबला. पोरं मागे वळून पाहायला लागली. काही जण वह्या गोळा करू लागले. शब्द दिला होता तो दिला होता. प्रविणने मार्कर खाली ठेवला.

टेकचंद मात्र उठले नाहीत. त्यांनी बसल्या जागेवरूनच उजवा हात वर केला, कधीकाळी चौथीपर्यंतच्या शाळेत बाहेर जायची परवानगी मागताना करत असतील तसा, आणि आपल्या मुलाकडे पाहत अदबीने विचारलं,

"सर, धान आलं. पडवीत टाकून येऊ का?"